रद्द झालेलं मतदान आणि न दाखवलेला पुरावा

साशंक : तारखा आधी नीट मांडून घेऊ, कारण या प्रकरणातलं बरंचसं तारखांमध्येच दडलेलं आहे. रोमानियात २४ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. ९४ लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. चाचण्यांनी ज्याला खिजगणतीतही धरलं नव्हतं तो कॅलिन जॉर्जेस्कू हा अपक्ष उमेदवार जवळपास २३ टक्के मतं घेऊन पहिला आला. २८ तारखेला घटनात्मक न्यायालयानं फेरमोजणीचा आदेश दिला. २ डिसेंबरला त्याच न्यायालयानं पहिल्या फेरीचा निकाल वैध ठरवला. ४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी गुप्तचर यंत्रणांचे काही कागद खुले केले. आणि ६ डिसेंबरला, म्हणजे दुसरी फेरी दोन दिवसांवर आलेली असताना आणि परदेशातल्या रोमानियनांनी मत द्यायला सुरुवातही केलेली असताना, न्यायालयानं एकमतानं सगळी निवडणूकच रद्द केली. मतपेट्यांमध्ये खोटी मतं कोंबली, असा निष्कर्ष कुणी काढलेला नव्हता. फेरमोजणीनं क्रम बदलला नव्हता. लोकांनी मोबाइलवर काय पाहिलं, यावरून त्यांची मतं बाद झाली. वैध ठरवलेला निकाल चार दिवसांनी अवैध कसा झाला, याचं उत्तर मतदाराला मिळायला नको का?

जागल्या : लोकांनी मोबाइलवर काय पाहिलं, एवढाच प्रश्न असता तर मीही तुमच्याच बाजूला उभा राहिलो असतो. प्रश्न होता तो, ते त्यांच्यापर्यंत कुणी, कुणाच्या पैशानं आणि काय लपवून पोहोचवलं, हा. भारतात टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे, म्हणून ते कसं चालतं हे थोडं सांगावं लागेल. तिथे तुम्ही कुणाला फॉलो करता याला फारशी किंमत नाही. अ‍ॅप उघडलं की कंपनीच्या गणिताला योग्य वाटेल तो व्हिडिओ समोर येतो. लोक एखादा व्हिडिओ किती वेळ पाहतात, त्याखाली किती लिहितात, किती जणांना पाठवतात, यावर ते गणित बेतलेलं असतं. सुरुवातीची गर्दी जमवता आली की पुढची गर्दी गणितच जमवून देतं. एक कोटी नव्वद लाखांच्या देशात नव्वद लाखांच्या घरात लोक हे अ‍ॅप वापरतात.

आता खुल्या झालेल्या कागदांत काय होतं ते पाहा. जवळपास २५ हजार खात्यांचं एक जाळं मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकदम जागं झालं. त्यातली ७९७ खाती २०१६ मध्ये उघडलेली होती आणि ११ नोव्हेंबर २०२४ पर्यंत जवळजवळ गप्प होती. आठ वर्षं गप्प बसलेली माणसं एकाच दिवशी, एकाच उमेदवारासाठी बोलायला लागतात, हे आपोआप घडत नाही. 'बोगपीआर' नावाच्या एका खात्यावरून महिनाभरात ३ लाख ८१ हजार डॉलर जॉर्जेस्कूचा प्रचार करणाऱ्यांना वाटले गेले, असंही त्यात म्हटलं होतं. आणि खुद्द उमेदवारानं आपला प्रचारखर्च किती दाखवला? शून्य. रोमानियाच्या कायद्यानुसार प्रचाराच्या साहित्यावर ओळखक्रमांक लागतो, म्हणजे हा प्रचार आहे आणि तो अमक्याचा आहे हे पाहणाऱ्याला कळतं. याच्या व्हिडिओंवर तो नव्हता. घोड्यावर बसलेला, गार पाण्यात पोहणारा, ज्यूदो खेळणारा, देवाधर्माचं बोलणारा एक शांत माणूस लोकांना दिसत राहिला. आपण निवडणुकीची जाहिरात पाहतो आहोत हे त्यांना सांगितलंच गेलं नाही.

साशंक : तुम्ही जाळ्याचं वर्णन केलंत, पण त्यातला सगळ्यात बोलका धागा बाजूला ठेवलात. त्याच कागदांत एका हॅशटॅग मोहिमेचा मोठा उल्लेख होता. 'समतोल आणि ताठ कणा' अशा अर्थाचा तो हॅशटॅग. एका एजन्सी-प्लॅटफॉर्ममार्फत शंभरावर इन्फ्लुएन्सरना पैसे देऊन सांगितलं होतं की, राष्ट्राध्यक्ष कसा असावा ते तुमच्या शब्दांत बोला, नाव कुणाचंही घेऊ नका. मुलं-मुली स्वयंपाक करता करता, मेकअप करता करता बोलली : तो प्रामाणिक असावा, देशावर प्रेम करणारा असावा. आणि त्या व्हिडिओंखाली कॉमेंटमध्ये शेकड्यांनी एकच नाव यायला लागलं, जॉर्जेस्कू. गुप्तचरांना यात रशियाच्या युक्रेनमधल्या तंत्राशी साम्य दिसलं. पुढे डिसेंबरातच रोमानियातल्या शोधपत्रकारांनी छापलं की, करविभागाच्या तपासानुसार या मोहिमेचे पैसे नॅशनल लिबरल पक्षानं दिले होते. म्हणजे सत्तेत असलेल्या, योहानिस ज्या पक्षातून आले त्या पक्षानं! आमची मोहीम दुसऱ्यांनी पळवली, असं पक्षानं सांगितलं. तसं असेलही. पण मग परकी हात कुठे संपला आणि घरचा कुठे सुरू झाला? खुले केलेले कागद जे प्रत्यक्ष सांगतात आणि त्यांतून जो निष्कर्ष काढला गेला, त्यांच्यात फार मोठी फट आहे. कागद साम्य दाखवतात, शक्यता दाखवतात. मॉस्कोतून निघालेला पैसा अमक्या खात्यात पोहोचला, असं त्यांत दाखवलेलं नाही.

आणि दुसरं. २१ लाख लोकांनी या माणसाला मत दिलं. त्या सगळ्यांना टिकटॉकनं भुलवलं म्हणायचं का? लाखो रोमानियन पोटासाठी इटली, स्पेन, जर्मनीला गेले आहेत. गावं म्हाताऱ्यांच्या जिवावर उरली आहेत. महागाईत हा देश युरोपीय संघात सगळ्यात वरच्यांपैकी. एकमेकांविरुद्ध लढणारे दोन जुने पक्ष २०२१ पासून एकाच सरकारात बसलेले, म्हणजे चिडलेल्या माणसानं विरोधी मत द्यायचं कुणाला? या माणसांना 'तुमचं मत तुमचं नव्हतंच' असं सांगणं हा त्यांचा अपमान आहे, आणि तो ते विसरणार नाहीत.

जागल्या : अपमानाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. राग खरा होता, कारणंही खरी होती. पण अशा मोहिमा खोट्या रागावर कधी चालतच नाहीत. त्यांना खराच राग लागतो. २०१६ मधली ह्यूस्टनची गोष्ट बघा. फेसबुकवर 'हार्ट ऑफ टेक्सस' नावाचं एक पान होतं, टेक्ससचा अभिमान आणि इस्लामची भीती यावर चाललेलं. 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' नावाचं दुसरं पान होतं. पहिल्यानं २१ मे ला शहरातल्या इस्लामी केंद्रासमोर निदर्शनं जाहीर केली. दुसऱ्यानं त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी प्रतिनिदर्शनं जाहीर केली. रस्त्याच्या दोन बाजूंना खरीखुरी अमेरिकन माणसं उभी राहून एकमेकांवर ओरडली, मधे पोलीस. दोन्ही पानं सेंट पीटर्सबर्गच्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'त बसलेली माणसं चालवत होती. जाहिरातींवर झालेला खर्च साधारण दोनशे डॉलर. त्या दिवशी कुणाचं मत बदललं? बहुधा कुणाचंच नाही. समोरच्या फुटपाथवरचा माणूस आपला शत्रू आहे, एवढी खात्री मात्र दोन्हीकडे पक्की झाली. मला भीती वाटते ती याची.

साशंक : भीती वाटणं आणि परिणाम मोजणं यांत अंतर आहे, आणि मोजणी तुमच्या बाजूनं नाही. त्याच एजन्सीच्या ट्विटरवरच्या कामाचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अमेरिकी मतदारांच्या सर्वेक्षणातली उत्तरं आणि त्यांच्या ट्विटरवर प्रत्यक्ष काय आलं होतं ते जोडून पाहिलं. रशियन खात्यांचा जेवढा मजकूर लोकांपर्यंत पोहोचला त्यातला ७० टक्के अवघ्या एक टक्का लोकांपर्यंत पोहोचला होता, आणि तो मुख्यतः आधीपासूनच कट्टर रिपब्लिकन असलेल्यांपर्यंत गेला होता. त्या मजकुराचा आणि मत बदलण्याचा, मतं टोकाला जाण्याचा संबंध त्यांना सापडला नाही. फेसबुकनं अमेरिकी संसदेला सांगितलेला १२ कोटी ६० लाखांचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ आहे. तो होता 'ज्यांच्या फीडमध्ये हा मजकूर आला असू शकतो' अशांचा. आला असू शकतो म्हणजे वाचला नाही, वाचला म्हणजे पटला नाही, पटला म्हणजे त्यावरून मत दिलं असंही नाही.

जागल्या : तो अभ्यास ट्विटरचा होता, अमेरिकेचा होता, आणि दोन ठाम छावण्यांत वाटल्या गेलेल्या मतदारांचा होता. रोमानियात पहिल्या फेरीत उमेदवारांची रांग होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकातलं अंतर किती, तर साधारण २,७०० मतं. एलेना लास्कोनी दुसऱ्या फेरीत गेल्या आणि तेव्हाचे पंतप्रधान मार्सेल चोलाकू घरी बसले, ते एवढ्याशा फरकानं. अशा निवडणुकीत कणभर ढकलणंही पुरतं. पण मला परिणामाच्या आकड्यात अडकायचंच नाही. परीक्षेचा पेपर फुटला तर कुठल्या विद्यार्थ्याला त्यामुळे किती गुण जास्त मिळाले हे आपण मोजत बसतो का? परीक्षा पुन्हा घेतो. नियम मोडला गेला, सगळ्यांना समान संधी राहिली नाही, एवढं पुरतं. उमेदवार शून्य खर्च दाखवतो आणि त्याच्यासाठी लाखो डॉलर वाटले जातात. इतरांच्या प्रचारावर शिक्का असतो आणि याच्या प्रचारावर नसतो. हे पैसे मॉस्कोचे असोत की बुखारेस्टचे, निवडणूक समान पायावर झाली नाही.

साशंक : पेपरफुटीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण आपल्याकडे ते घडून गेलं आहे. ५ मे २०२४ ची 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा. पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला, हे सर्वोच्च न्यायालयानंही मानलं. तरीही २३ जुलैला न्यायालयानं फेरपरीक्षा नाकारली, कारण फुटीनं सगळ्या परीक्षेचं पावित्र्य गेलं असं दाखवणारा पुरावा समोर आला नाही. मला पटतं ते त्या निकालापर्यंत जाण्याचा रस्ता. सुनावणी खुल्या न्यायालयात झाली. दोन्ही बाजूंचे वकील दिवसचे दिवस बोलले. शहरनिहाय आणि केंद्रनिहाय गुण सगळ्यांना पाहता येतील असे जाहीर करायला लावले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती, तर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून खरं उत्तर मागवलं. निकाल ज्यांना आवडला नाही त्या पालकांनाही तो कशाच्या आधारावर दिला हे बघता आलं. लातूरचा एखादा शिकवणीचालक घरी बसून ते आकडे तपासू शकत होता. आता रोमानिया बघा. न्यायालयानं स्वतःहून प्रकरण हातात घेतलं. ज्याचा निकाल रद्द होतोय त्या उमेदवाराचं म्हणणं ऐकलं नाही. आधार काय, तर गुप्तचर कागदांचा गोषवारा. ज्या ३ लाख ८१ हजार डॉलरांबद्दल तुम्ही इतक्या खात्रीनं बोलता त्यांची पावती तुम्ही पाहिली आहे का? मीही नाही. त्या २१ लाखांपैकी कुणीच नाही.

इथे दोघांच्या बोलण्यात एक बदल झाला आहे. सुरुवातीला वाद परकी हस्तक्षेप झाला की नाही, झाला तर त्यानं मतं फिरली की नाही, यावर होता. या विषयावरचे बहुतेक वाद तिथेच अडकतात, कारण दोन्ही बाजूंना तिथे ठामपणे बोलता येतं आणि कुणालाच खोटं पाडता येत नाही. आता प्रश्न सरकून पुराव्याकडे आला आहे : तो कुणाकडे असतो, कुणाला दिसतो, आणि वेळेत दिसतो का. लेखकाच्या मते खरं दुखणं इथे आहे. जॉर्जेस्कूचा मतदार आणि निवडणूक रद्द झाल्यावर हायसं वाटलेला त्याचा शेजारी, दोघांनाही डिसेंबरात एकच गोष्ट सांगितली गेली : आमच्यावर विश्वास ठेवा. आणि विश्वासच आटला म्हणून तर हे सगळं घडलं होतं.

जागल्या : हो, सुनावणी व्हायला हवी होती. घटनात्मक प्रश्नांवर युरोपातल्या देशांना सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगानं जानेवारी २०२५ च्या अहवालात हेच म्हटलं. निवडणूक रद्द करण्याचा निर्णय केवळ गुप्तचर माहितीवर उभा करू नये, कोणते नियम मोडले आणि त्याचा पुरावा काय हे नेमकं लिहावं, आणि संबंधितांना बोलण्याची संधी द्यावी. इथपर्यंत मी मागे येतो. पण तुम्हीही एक पाऊल पुढे या. नीटचे गुण सरकारी संस्थेकडे होते. न्यायालयानं हुकूम केला आणि दोन दिवसांत जाहीर झाले. टिकटॉकवर ११ ते २४ नोव्हेंबर या काळात कुठला व्हिडिओ किती लोकांसमोर, कशामुळे गेला, ही नोंद कुणाकडे आहे? एका खाजगी कंपनीकडे. युरोपीय आयोगानं तिच्याविरुद्ध डिजिटल सेवा कायद्याखाली औपचारिक कारवाई सुरू केली १७ डिसेंबरला, म्हणजे निवडणूक रद्द झाल्यानंतर अकरा दिवसांनी. २०२४ च्याच ऑगस्टमध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीनं 'क्राउडटँगल' हे साधन बंद केलं. फेसबुकवर काय पसरतंय हे जगभरचे पत्रकार आणि संशोधक त्यातूनच पाहायचे. जगातल्या कितीतरी देशांत मतदान व्हायचं होतं त्याच वर्षी ही खिडकी लावून घेतली गेली. तुम्ही न्यायालयाला विचारता पुरावा कुठे आहे. मी म्हणतो, पुरावा होता, फक्त तो मागण्याचा अधिकार कुणी वेळेवर वापरला नाही, आणि ज्याच्याकडे तो होता त्यानं आपणहून दिला नाही.

वेळेचं तर विचारूच नका. इंटरनेट रिसर्च एजन्सीवर अमेरिकेत आरोपपत्र आलं १६ फेब्रुवारी २०१८ ला, मतदानानंतर पंधरा महिन्यांनी. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये मतदानाला दोन दिवस राहिले असताना एक ध्वनिफीत फिरली. विरोधी नेते मिखाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार निवडणुकीत गडबड कशी करायची यावर बोलतायत, अशी. ती यंत्रानं बनवलेली होती. पण प्रचारबंदी लागू झालेली, त्यामुळे खुलासाही मोठ्यानं करता येईना. ज्यानं ती बनवली त्यानं ते दोन दिवस कॅलेंडरवर पाहूनच निवडले असणार. अशा वेळी तुमचा खुला, दोन्ही बाजू ऐकणारा, आकडे जाहीर करणारा न्याय कधी बसवायचा?

साशंक : वेळ कमी आहे हे खरं. पण वेळ कमी आहे म्हणून ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या शब्दावर निवडणूक रद्द करायची मुभा दिली, तर उद्या ती कोण वापरेल? 'परकी हात' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. सत्तरच्या दशकातली वर्तमानपत्रं काढून बघा, इंदिरा गांधींच्या भाषणांत हा हात वारंवार यायचा, आणि तो बहुतेक वेळा विरोधकांच्या खांद्यावर दिसायचा. जॉर्जियात २०२४ च्या मे महिन्यात 'परकी प्रभावाची पारदर्शकता' या नावानं कायदा झाला, आणि तो कुणावर रोखला होता? निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्या, सरकारला प्रश्न विचारणाऱ्या संस्थांवर आणि माध्यमांवर. लाखभर माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर आली. जे शब्द बुखारेस्टमध्ये लोकशाही वाचवायला वापरले, तेच तिबिलिसीत तिचा गळा दाबायला वापरले गेले.

आणि अविश्वासाला परकी हाताची गरज असते, हे मला मुळातच मान्य नाही. रोमानियात मतदान झालं त्याच्या आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. रोमानियाच्या न्यायालयानं निकाल वैध ठरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकरी स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेणार होते. गावातून आपल्या उमेदवाराला एवढी कमी मतं मिळालीच कशी, ही त्यांची शंका. ज्याच्यासाठी ते भांडत होते तो उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, तरीही. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. त्यांची शंका बरोबर होती की चूक, हा मुद्दा मी सोडून देतो. तिथे ना रशिया होता, ना टिकटॉक. माणसं म्हणत होती, आम्हाला आमच्या डोळ्यांनी बघू द्या. त्या मागणीला यंत्रणेकडे दोनच उत्तरं होती : आमची पद्धत चोख आहे, आणि तुम्ही घरी जा.

जागल्या : मारकडवाडीचं उदाहरण मला तुमच्याइतकंच अस्वस्थ करतं, पण मी त्यातून उलटं शिकतो. जिथे आधीच शंका आहे तिथेच बाहेरचा माणूस काडी टाकतो. तैवानकडे पाहा. चीनकडून येणारा मजकूर तिथे बारमाही आहे, आणि जानेवारी २०२४ च्या निवडणुकीनंतर मतमोजणीत घोटाळा झाल्याचे व्हिडिओ फिरलेच. तरी ते टिकले नाहीत, कारण तिथली मोजणी कशी होते? मतदान संपलं की त्याच केंद्रात, दारं उघडी ठेवून, कर्मचारी एकेक कागदी मतपत्रिका वर धरतो, नाव मोठ्यानं वाचतो, दुसरा भिंतीवरच्या तक्त्यावर पाच रेघांची खूण पुरी करत जातो. गल्लीतलं कुणीही मागे उभं राहून बघू शकतं, मोबाइलवर चित्रण करू शकतं. घोटाळ्याचा व्हिडिओ आला की त्याच केंद्रातले दहा व्हिडिओ त्याला उत्तर द्यायला तयार असतात. तथ्यतपासणी करणाऱ्या स्वयंसेवी संस्था ते जोडून दाखवतात. सरकारला 'विश्वास ठेवा' म्हणावं लागत नाही.

साशंक : मग झालं की! तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

जागल्या : अर्धंच. तैवानच्या पद्धतीनं मोजणी वाचते. मतदार केंद्रावर येण्याआधी त्याच्यापर्यंत काय आणि किती पैशानं पोहोचलं, याला ती हात लावत नाही. मोल्दोवाचं काय कराल? ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघात जाण्याच्या प्रश्नावर तिथे जनमत घेतलं, 'हो'ची बाजू साधारण साडेदहा हजार मतांनी तरली. त्याआधी पोलिसांनी जाहीर केलं होतं की, मॉस्कोत आश्रय घेतलेला उद्योगपती इलान शोर याच्या जाळ्यातून एकट्या सप्टेंबरात दीड कोटी डॉलर रशियन बँकेमार्फत एक लाख तीस हजार लोकांच्या खात्यांत आले. तिथे संशयाला फारशी जागा नव्हती. लोकांच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप होतं. आणि पाहा, मोल्दोवानं निवडणूक रद्द केली नाही. आधीच सांगितलं, नावं घेतली, पैसा अडवायचा प्रयत्न केला, आणि मतदान होऊ दिलं.

साशंक : यातलं 'आधी' महत्त्वाचं आहे. तिथे मी तुमच्याबरोबर आहे. ओळखक्रमांक नसलेला प्रचार १२ नोव्हेंबरला दिसला तर १३ ला जाहीर करा, पैसे दिसले तर नाव घेऊन सांगा, कंपनीला चोवीस तासांत नोंदी द्यायला लावा. मतदार ते ऐकून काय करायचं ते ठरवेल. मतदान झाल्यावर रद्द करणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं पुढे काय झालं तेही बघू. मार्च २०२५ मध्ये जॉर्जेस्कूची उमेदवारीच नाकारली गेली. ४ मे ला पुन्हा पहिली फेरी झाली आणि त्याच विचारांच्या जॉर्ज सिमियोनला जवळजवळ ४१ टक्के मतं पडली. परकी प्रभाव काढून टाकल्यावर ती मतं कमी व्हायला हवी होती ना? दुपटीच्या जवळ गेली. १८ मे ला दुसऱ्या फेरीत बुखारेस्टचे महापौर, गणितज्ञ निकुशोर दान साधारण ५३.६ टक्क्यांनी निवडून आले, हे खरं. पण मग सिमियोन त्याच घटनात्मक न्यायालयाकडे गेला आणि म्हणाला, डिसेंबरात ज्या कारणासाठी निवडणूक रद्द केलीत त्याच कारणासाठी हीही करा, परकी हस्तक्षेप झाला आहे. त्यानं बोट दाखवलं फ्रान्स आणि मोल्दोवाकडे. मतदानाच्याच दिवशी टेलिग्रामच्या पावेल दुरोव्हनं फ्रेंच गुप्तचर संस्थेवर या निवडणुकीत ढवळाढवळीचे आरोप केले होते आणि फ्रान्सनं ते फेटाळले होते. न्यायालयानं सिमियोनचा अर्ज एकमतानं नाकारला. नाकारला ते योग्यच असेल. पण एकदा तयार केलेलं हे हत्यार आता प्रत्येक हरणाऱ्याच्या हाताला लागलं आहे.

जागल्या : मतं वाढली त्याचं एक कारण तुमच्या म्हणण्यातच आहे, रद्द झाल्याचा राग. ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या फेरीत लोक मोठ्या संख्येनं बाहेर पडले, मतदान ६४ टक्क्यांच्या वर गेलं, आणि निकाल बहुतेकांनी स्वीकारला. डिसेंबरच्या निर्णयानं लोकांचा मतदानावरचा विश्वास संपला असता तर ते घरी बसले असते. आणि मला हे सांगा : डिसेंबरात काहीच केलं नसतं, जॉर्जेस्कू निवडून आला असता, आणि वर्षभरानं पैशाची साखळी पुराव्यासह बाहेर आली असती, तर तेव्हा तुम्ही काय म्हणाला असता? सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी जॉर्जेस्कू आणि इतरांवर घटनात्मक व्यवस्थेविरुद्धच्या कटाचं आरोपपत्र ठेवलंच. तो खटला जिंकोत की हरोत, राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाविरुद्ध तो उभाच राहिला नसता.

साशंक : तो खटला मतदान रद्द झाल्यावर नऊ महिन्यांनी आलेल्या पुराव्यावर आहे. मी डिसेंबरचा पुरावा मागतोय. आता एक प्रश्न मी थेट विचारतो. उद्या टिकटॉकच्या सगळ्या नोंदी खुल्या झाल्या आणि दिसलं की पैसे देऊन ढकललेल्या व्हिडिओंनी जॉर्जेस्कूची फार तर दोन टक्के मतं वाढली, तर तुमच्या मते मतदान टिकायला हवं होतं की नाही?

जागल्या : दुसऱ्या-तिसऱ्यात २,७०० मतांचं अंतर असताना दोन टक्के पुष्कळ झाले. अंतर वीस लाखांचं असतं तर मी मतदान ठेवलं असतं.

साशंक : म्हणजे तुम्ही परिणामाच्या मोजणीवर परत आलात. मघाशी तुम्हाला तिच्यात अडकायचं नव्हतं.

जागल्या : आलो. नुसत्या नियमभंगावर निवडणूक रद्द करायची म्हटलं तर एकही निवडणूक उरणार नाही, हे मला दिसतंय. पण तुम्हीही आता 'असल्या मोहिमांनी काही होत नाही' असं म्हणत नाही आहात. नोंदी चोवीस तासांत द्यायला लावा म्हणालात, म्हणजे त्या नोंदींमध्ये काहीतरी सापडेल हे तुम्ही धरून चालला आहात.

साशंक : सापडेलही, नाही सापडणार तेही लोकांना कळेल. पण चोवीस तासांत कंपनीनं दिलेल्या नोंदी खऱ्या आहेत हे कोण तपासणार? निवडणूक आयोग? तो सरकारनं नेमलेला. न्यायालय? त्याच्याकडे ते वाचू शकणारी माणसं नाहीत. आयआयटीसारखी एखादी संस्था? तिला त्या दोन आठवड्यांत वेळ आणि अधिकार कोण देणार?

जागल्या : आणि तिनं दिलेला अहवाल, मतदानाला तीन दिवस उरले असताना, एका उमेदवाराच्या विरोधात गेला, तर तो जाहीर करणं हाच प्रचार झाला असं त्याचे मतदार म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटलं असतं.

साशंक : मग जाहीर करायचा की नाही?

जागल्या : करायचा. नोंदींसकट, पद्धतीसकट, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या उत्तरासकट. पण तीन दिवसांत ते उत्तर द्यायला त्याला पुरेसा वेळ मिळाला असं तुम्ही मान्य कराल का, याची मला खात्री नाही.

साशंक : मलाही नाही.